पिवळ्या रेघेची गोष्ट

विजयदुर्ग पाहायला गेलेल्या माणसाला वाटाड्या एक जागा दाखवल्याशिवाय परत पाठवत नाही. ती जागा म्हणजे किल्ल्यावरचे दगडी ओटे. 'साहेबाचे ओटे' असंच त्यांना म्हणतात. लॉकयर नावाचा इंग्रज साहेब इथे दुर्बिणी मांडून बसला, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात त्याला सूर्यावर एक नवा वायू दिसला आणि तो वायू म्हणजे हेलियम, अशी त्या ओट्यांची कथा आहे. गेल्या काही वर्षांत १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होऊ लागला. कथा ऐकताना छाती फुगते, कारण विश्वातला एक मूलद्रव्य आपल्या कोकणातल्या किल्ल्यावरून सापडला, असं ती सांगते.

पण तारखा जुळवून पाहिल्या की कथेचा मेळ बसत नाही. १८६८ च्या ऑगस्टमध्ये नॉर्मन लॉकयर हिंदुस्थानात नव्हताच. तो लंडनला होता. विजयदुर्गावर तो आला तो तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ओटे खरे आहेत, साहेबही खरा आहे, फक्त दोन ग्रहणांची गाठ एकाच दोरीत बसली आहे. ही गाठ सोडवली तर आपल्या हातून काही जाईल, अशी भीती वाटू शकते. मला उलटं वाटतं. ती सोडवल्यावर जे हाती येतं ते सातारा-सांगलीच्या जास्त जवळचं आहे, आणि ज्याच्या घराला गच्ची आहे अशा प्रत्येकाच्या कामाचं आहे.

आधी वर्णपट म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. स्वयंपाकघरात गॅसच्या निळ्या ज्योतीत मिठाची चिमूट पडली की ज्योत पिवळी होते. हा पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. ज्योतीचा प्रकाश लोलकातून पाहिला तर इंद्रधनुष्याच्या सगळ्या पट्ट्याऐवजी पिवळ्या जागी दोन चिकटलेल्या रेघा दिसतात. शास्त्रज्ञांनी त्या रेघांना 'डी' हे नाव दिलं. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या जागी असतात, दोघांच्या कधी सारख्या नसतात. जर्मनीत किरखॉफ आणि बुन्सेन यांनी १८५९ च्या सुमारास हे पक्कं केलं, आणि दूरच्या ताऱ्यात काय आहे हे तिथे न जाता सांगता येऊ लागलं. त्याआधी जेमतेम चोवीस वर्षं ऑग्युस्त कोंत या फ्रेंच विचारवंताने लिहून ठेवलं होतं, की तारे कशाचे बनले आहेत हे माणसाला कधीच कळणार नाही.

अशा वेळी १८६८ चं ग्रहण आलं. सावलीचा पट्टा अरबी समुद्रावरून येऊन दक्षिण महाराष्ट्र, विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण असा पूर्वेकडे गेला. सांगली-मिरजेचा मुलूखही त्या पट्ट्यात होता. हिंदुस्थानात खग्रास स्थिती पाच मिनिटांहून जास्त टिकणार होती, एवढा वेळ ग्रहणात क्वचितच मिळतो. त्यामुळे युरोपातले वेधकरी इकडे धावले. फ्रान्सचा जानसेन गुंटूरला आला. इंग्रज अधिकारी टेनंट याची तुकडीही गुंटूरलाच होती. आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने वर्णपट पाहण्याची उपकरणं ज्याच्या हाती दिली, तो जॉन हर्शेल नावाचा तरुण लष्करी अभियंता जमखंडीला गेला.

जमखंडी म्हणजे पटवर्धनांचं संस्थान. आज ते कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात येतं, पण सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी ही एकाच घराण्याच्या शाखांची गावं. आणि हा हर्शेलही साध्या घरातला नव्हता. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा तो नातू, आणि आकाशाचा चप्पा न् चप्पा नोंदवणाऱ्या सर जॉन हर्शेलचा मुलगा. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणी खात्यात तो नोकरीला होता.

पावसाळ्याचे दिवस होते. सकाळपासून ढगांची ये-जा चालू होती. ग्रहण लागलं, सूर्य झाकला गेला, आणि नेमक्या त्या मोलाच्या मिनिटांत ढग आडवे आले. पाच मिनिटांतली बरीचशी अशीच गेली. मधे ढग फाटले तेव्हा हर्शेलने सूर्याच्या कडेला उसळलेल्या ज्वालेवर उपकरण नेमलं आणि त्याला तीन झळझळीत रेघा दिसल्या: एक तांबडी, एक नारिंगी-पिवळी, एक निळी. सूर्याच्या कडेवरच्या त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या आहेत, हे त्या रेघांनी ठरलं. मधल्या रेघेची जागा त्याने घाईघाईत मोजली. ती सोडियमच्या 'डी' रेघांच्या जागी येत होती, मोजमापाच्या मर्यादेत तरी येत होती, आणि त्याने तसं लिहिलं.

ती रेघ सोडियमची नव्हती. हेलियमची होती. म्हणजे जमखंडीच्या ढगाळ आकाशाखाली हर्शेलच्या डोळ्यांसमोर हेलियमचा प्रकाश येऊन गेला आणि ओळख पटली नाही. याला अपयश म्हणायचं का? मी म्हणणार नाही. हेलियमची रेघ ५८७.६ नॅनोमीटरवर आणि सोडियमची जोडी ५८९.० आणि ५८९.६ वर. अंतर आहे जेमतेम दीड नॅनोमीटरचं. ढगांतून मिळालेल्या क्षणांत तो फरक पकडणं कठीण होतं. हर्शेलने जे दिसलं ते लिहिलं, आणि जेवढी खात्री होती तेवढीच लिहिली.

मग ओळख पटली कुठे? गुंटूरला जानसेनला त्या रेघा इतक्या तेजस्वी दिसल्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असं त्याच्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, त्याने भर उजेडात त्या पाहिल्या. इकडे लंडनमध्ये लॉकयरच्या डोक्यात हीच कल्पना आधीपासून होती. हा लॉकयर तेव्हा कुठल्या वेधशाळेत नव्हता. तो युद्धखात्याच्या कचेरीत कारकून होता. दिवसा फायली, आणि उरलेल्या वेळात वेस्ट हॅम्पस्टेडमधल्या घराजवळ उभारलेली सव्वासहा इंची दुर्बीण. त्याने मागवलेला चांगला वर्णपटदर्शक बनवणाऱ्याकडून यायला फार उशीर झाला आणि ऑक्टोबरात हाती पडला. २० ऑक्टोबर १८६८ ला त्याने आपल्या अंगणातून, ग्रहणाशिवाय, सूर्याच्या कडेच्या रेघा पाहिल्या. त्याला घाई नव्हती, सूर्य रोजच उगवत होता. निवांत मोजल्यावर त्याच्या लक्षात आलं, की पिवळी रेघ 'डी'च्या जागी नाही, किंचित बाजूला आहे. जानसेन आणि लॉकयर दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली आणि पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं एक पदक काढलं.

त्या रेघेचं मूलद्रव्य पृथ्वीवर कुणाला माहीत नव्हतं. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हणू लागले. बऱ्याच जणांना ते पटलं नाही. सत्तावीस वर्षांनी, १८९५ मध्ये, विल्यम रॅमसेला युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत नेमकी तीच रेघ सापडली आणि वाद मिटला.

इथे क्षणभर थांबावंसं वाटतं. आपल्या कथेत हा शोध तोफांच्या किल्ल्यावर लागतो. प्रत्यक्षात तो एका कारकुनाच्या अंगणात लागला. ताऱ्यांच्या वर्णपटाचं शास्त्रच मुळी अशा अंगणांतून वाढलं. विल्यम हगिन्स हा लंडनचा रेशमाचा व्यापारी. त्याने धंदा विकून टाकला आणि घराच्या बागेत वेधशाळा बांधली. त्याच १८६८ सालच्या जूनमध्ये त्याने एका धूमकेतूचा प्रकाश लोलकातून पाहिला. तीन पट्टे दिसले. घरच्या प्रयोगशाळेत कार्बन असलेल्या वायूत ठिणगी पाडून त्याने ते पट्टे ताडून पाहिले, तर दोन्ही जुळले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या शेंडेनक्षत्राला राजाचा मृत्यू आणि दुष्काळ चिकटवले गेले, त्यात चुलीतल्या कोळशाचाच पदार्थ निघाला.

आता विजयदुर्गाकडे परत येऊ. लॉकयर पुढे मोठा माणूस झाला. १८६९ मध्ये त्याने 'नेचर' हे साप्ताहिक सुरू केलं. डिसेंबर १८७१ च्या ग्रहणाला तो हिंदुस्थानात आला आणि त्याची छावणी पडली ती केरळातल्या बेकलला. तिथेही समुद्रकाठचा किल्ला आहे. १८९८ ला तो विजयदुर्गावर आला, आरमारी जहाजाच्या खलाशांना हाताशी धरून त्याने किल्ल्यात उपकरणं उभी केली. जड उपकरणाला पक्का पाया लागतो, आणि 'साहेबाचे ओटे' त्या छावणीशी नीट जुळतात.

त्या वर्षीची सावली विजयदुर्गावरून घाट चढली, कऱ्हाडच्या परिसरावरून ईशान्येला सरकली आणि करमाळा तालुक्यातल्या जेऊरवरून पुढे विदर्भाकडे गेली. जेऊर हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं लहानसं स्टेशन. रेल्वेने पेट्या उतरवता येतात म्हणून परदेशी वेधकऱ्यांनी ते निवडलं. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचा कँपबेल तिथे तंबू ठोकून होता. आणि त्याच माळावर पुण्याहून आलेली एक तुकडी होती. तिचे प्रमुख कावसजी दादाभाई नेगमवाला.

हे नाव आज फारसं कुणाच्या ओठावर नाही. नेगमवाला यांचा जन्म १८५७ चा. एल्फिन्स्टन कॉलेजातून ते एम. ए. झाले आणि तिथेच शिकवू लागले. वर्णपटाच्या अभ्यासाची साधनं हवी म्हणून ते भावनगरच्या महाराजांकडे गेले. तख्तसिंहजी महाराजांनी पाच हजार रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली, आणि त्यातून पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. हे सायन्स कॉलेज म्हणजेच पुढचं इंजिनिअरिंग कॉलेज, ज्याला सगळे सीओईपी म्हणून ओळखतात. डब्लिनच्या ग्रब कंपनीची वीस इंची आरशाची दुर्बीण तिथे बसली. त्या काळी एवढी मोठी दुर्बीण हिंदुस्थानात दुसरी नव्हती.

या दुर्बिणीच्या वेधशाळेतून नेगमवालांनी जे केलं, त्यातली एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेघ दिसते. लॉकयरचा तेव्हा एक लाडका सिद्धांत होता, की सगळे तारे आणि तेजोमेघ उल्कांच्या थव्यांपासून होतात, आणि ही हिरवी रेघ म्हणजे मॅग्नेशियमच्या एका पट्ट्याची उरलेली कड. तसं असेल तर ती एका बाजूला धूसर दिसायला हवी. नेगमवालांनी १८९१ मध्ये पुण्यातून पाहिली, तर रेघ बारीक आणि दोन्ही बाजूंनी स्वच्छ होती. तसं त्यांनी इंग्लंडच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला कळवलं. हेलियमची रेघ ओळखणाऱ्या जगप्रसिद्ध माणसाच्या विरोधात पुण्याच्या प्राध्यापकाचा वेध उभा राहिला, आणि काळाने कौल पुण्याच्या बाजूने दिला. ती रेघ मॅग्नेशियमची नाही, विरळ ऑक्सिजनची आहे, हे १९२७ मध्ये स्पष्ट झालं.

जेऊरच्या माळावर नेगमवालांनी ग्रहणाचे आणि वर्णपटाचे फोटो घेतले. त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये छापला गेला. प्लेगचे ते दिवस होते, पुण्याने नुकतंच १८९७ सोसलं होतं. अशा काळात खग्रासच्या दोन मिनिटांसाठी माणसं आणि उपकरणं माळावर नेणं, ही साधी गोष्ट नव्हती. पण १९१२ मध्ये नेगमवाला निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही बंद झाली. दुर्बीण आणि बाकी साहित्य कोडाईकनालला गेलं. तिथे ती 'भावनगर दुर्बीण' म्हणून ओळखली गेली, पुण्याचं नाव तिच्यावर राहिलं नाही. एका माणसाच्या खुर्चीवर उभी असलेली संस्था खुर्चीबरोबरच गेली. महाराष्ट्राला दोन मीटर व्यासाची संशोधनाची दुर्बीण मिळाली ती २००६ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या गिरवलीला, आयुका या संस्थेची.

मधल्या काळात आकाशाशी नातं धरून ठेवलं ते हौशी माणसांनी. वेधशाळा बंद होण्याआधी दोनच वर्षं हॅलेचा धूमकेतू येऊन गेला होता. १९१० च्या मे महिन्यात त्याचं शेपूट पृथ्वीवरून जाणार होतं आणि वर्णपटात सायनोजेन हा विषारी वायू दिसल्याची बातमी आधीच पसरली होती. परदेशात लोकांनी दारांच्या फटी बुजवल्या, धूमकेतूवरच्या गोळ्यासुद्धा विकल्या गेल्या. त्यातच ६ मे रोजी सातवा एडवर्ड वारला, मग शेंडेनक्षत्राची जुनी कीर्ती पुन्हा जागी झाली. शेपूट इतकं विरळ होतं, की पृथ्वीला त्याचा पत्ताही लागला नाही. म्हणजे अर्धवट वाचलेला वर्णपटही घाबरवू शकतो. रेघ दिसली एवढं कळून भागत नाही, तो पदार्थ किती आहे हेही विचारावं लागतं.

२२ ऑगस्ट १९४४ ला पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ही देशातली सर्वांत जुनी संस्था. १९८५ मध्ये, हॅले परत येण्याच्या तोंडावर, मुंबईत खगोल मंडळ सुरू झालं. १९८६ चा हॅले तसा निराशा करणारा होता, पण १९९६ चा ह्याकुताके आणि १९९७ चा हेल-बॉप यांनी ती उणीव भरून काढली. हेल-बॉप तर शहरातल्या दिव्यांतूनही नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभी केली, आणि तिथल्या कार्यशाळांत शाळा-कॉलेजातली मुलं, शिक्षक स्वतःच्या हाताने काच घासून दुर्बिणीचा आरसा करायला शिकले. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. त्यांच्या लेखांमुळे गच्चीवर चढलेली माणसं आपल्या प्रत्येक तालुक्यात सापडतील.

आता त्या गच्चीवर जाऊ. १८६८ मध्ये रॉयल सोसायटीला जी उपकरणं जहाजाने पाठवावी लागली, ती आता खिशात मावतात. पूर्वीच्या लोलकाचं काम विवर्तन जाळी करते. काचेच्या लहान चकतीवर एका मिलिमीटरमध्ये शंभर अतिसूक्ष्म रेघा असतात. ती चकती दुर्बिणीला लावलेल्या कॅमेऱ्यापुढे फिरवून बसवायची. फोटोत तारा ठिपका म्हणून दिसतो आणि बाजूला त्याचा रंगीत पट्टा उमटतो. संगणकावर त्या पट्ट्याचा आलेख काढायचा. मोजायला खूण हवी, म्हणून सुरुवात अभिजितपासून करतात. अभिजितच्या आलेखात हायड्रोजनचे खोल खड्डे दिसतात, त्यांच्या जागा ठाऊक असतात: तांबड्यात ६५६.३, निळसर हिरव्यात ४८६.१, जांभळ्याकडे ४३४.० नॅनोमीटर. तेवढ्यावर पट्टी तयार होते.

त्या पट्टीने मग बाकी आकाश मोजता येतं. आर्द्रेच्या तांबूस काक्षी ताऱ्याचा आलेख लावला तर खड्ड्यांऐवजी पायऱ्या दिसतात, टायटॅनियम ऑक्साइडच्या. म्हणजे हा तारा इतका थंड, की त्याच्या वातावरणात रेणू टिकतात. शर्मिष्ठेच्या 'एम' आकारातल्या मधल्या ताऱ्याकडे वळलं, तर तांबड्या हायड्रोजनच्या जागी खड्डा नाही, उंचवटा आहे. हा तारा वेगाने गरगरतो आणि त्याच्याभोवती वायूचं कडं आहे, ते कडं चमकतं. इटलीच्या सेक्कीने १८६६ मध्ये हाच चमकणारा हायड्रोजन तिथे पहिल्यांदा पाहिला. अशा ताऱ्यांचं कडं कधी वाढतं, कधी विरतं, आणि मोठ्या वेधशाळांना रोज त्यांच्याकडे पाहायला सवड नसते. म्हणून पॅरिसच्या वेधशाळेत या ताऱ्यांच्या वर्णपटांचं जे भांडार आहे, त्यात हौशी निरीक्षकांचे वर्णपट तपासून सामावून घेतले जातात.

धूमकेतूसाठी थोडं नशीब लागतं. जुलै २०२० मध्ये निओवाइज हा देखणा धूमकेतू आला, तो नेमका आपल्या पावसाळ्यात. पण २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत झेडटीएफ हा हिरवा धूमकेतू आला तेव्हा आकाश मोकळं होतं. १ फेब्रुवारीला तो पृथ्वीपासून सुमारे सव्वाचार कोटी किलोमीटरवर होता. मग ब्रह्महृदयाजवळून, मंगळाजवळून आणि रोहिणीजवळून तो खाली उतरत गेला. जाळीतून धूमकेतू पाहिला की एक गंमत होते. तारा बिंदूसारखा, म्हणून त्याचा पट्टा होतो. धूमकेतू पसरट, म्हणून त्याच्या पट्ट्यात निळा, हिरवा, पिवळसर असे धूमकेतूचेच धूसर गोळे शेजारी शेजारी दिसतात. हेच हगिन्सने १८६८ मध्ये पाहिलेले तीन पट्टे, कार्बनचे. हिरवा गोळा सर्वांत ठळक, कारण धूमकेतूचा तो हिरवा रंग कार्बनच्या दोन अणूंच्या रेणूचाच.

जाळी विकत घ्यायची नसेल तरी अडत नाही. बुटांचं रिकामं खोकं, दाढीच्या दोन पात्यांमधली बारीक फट आणि जुनी सीडी एवढ्यावर वर्णपटदर्शक होतो. सीडीवर एका मिलिमीटरमध्ये सुमारे सव्वासहाशे रेघा असतातच. त्यातून घरातले आणि रस्त्यावरचे दिवे पाहावेत. सूर्याकडे मात्र थेट कधीही पाहू नये, पांढऱ्या भिंतीवर पडलेला उजेड पुरतो. जुना पिवळा सोडियमचा दिवा आणि नवा पांढरा एलईडी यांचे वर्णपट शेजारी ठेवले, की आपल्या आकाशाला काय झालं तेही कळतं. सोडियमचा उजेड बराचसा पिवळ्या भागात असतो, एलईडीचा सगळ्या रंगांत पसरतो आणि ताऱ्यांचा मंद प्रकाश त्यात बुडतो. कृष्णाकाठी नदीचं धुकं, गळीत हंगामात पाचट पेटवल्याचा धूर आणि त्यात हे दिवे. कास पठाराकडे किंवा शिराळ्याच्या डोंगरात गेलं की अजून आकाशगंगा दिसते, पण दर वर्षी थोडं आणखी लांब जावं लागतं. वर्णपट घेणारा माणूस ही तक्रार तोंडी करत नाही, आलेखात दाखवतो.

आणि आता त्या पिवळ्या रेघेकडे. शंभर रेघांच्या साध्या जाळीने सोडियमची आणि हेलियमची रेघ वेगळी करता येत नाही. दीड नॅनोमीटरचं अंतर तिला पेलत नाही. हर्शेल ढगांमुळे जिथे अडला तिथेच आपण साधनामुळे अडतो. अशा वेळी नवख्या निरीक्षकाला मोह होतो. पिवळ्या जागी उंचवटा दिसला, की 'मला हेलियम दिसला' असं लिहावंसं वाटतं. इथेच परीक्षा असते. 'पिवळ्या जागी रेघ, डी-जवळ, अचूक जागा सांगता येत नाही' एवढंच लिहिणारा निरीक्षक खरा. तारीख, वेळ, गाव, दुर्बीण, कॅमेरा, आकाश कसं होतं, काय दिसलं आणि काय दिसलं नाही, हे त्याच रात्री वहीत उतरलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी आठवणीत भर पडू लागते.

विजयदुर्गाच्या कथेचं तेच झालं. कुणी मुद्दाम खोटं बोललं नाही. ओटे डोळ्यांसमोर होते, साहेबाचं नाव माहीत होतं, हेलियमचं श्रेय त्याच्याकडे होतं, फक्त तारीख कुणी विचारली नाही. आपल्याकडे आकाश पाहणारे कमी नव्हते, पाहिलेलं लिहून ठेवणारे कमी पडले. नेगमवालांचा वेध लॉकयरपुढे टिकला तो त्यांनी तो लिहून, पाठवून, छापून ठेवला म्हणून. वीस इंची दुर्बीण पुण्यातून गेली तरी ती नोंद कुणाला हलवता आली नाही.

म्हणून विजयदुर्गाला जाल तेव्हा ओटे जरूर पाहा, आणि सोबतच्या मुलांना १८९८ हे साल सांगा. कऱ्हाडच्या परिसरावरून त्या दुपारी सावली गेली होती, हेही सांगा. जमखंडीच्या त्या ढगाळ सकाळची गोष्ट सांगा, आणि हेलियमची ओळख पटली ती एका कारकुनाच्या अंगणात, हे तर आवर्जून सांगा. किल्ला सगळ्यांकडे नसतो. अंगण, नाहीतर गच्चीचा एखादा कोपरा, बहुतेकांकडे असतो. वही तर सहज मिळते. पुढचा धूमकेतू कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. तो येईल तेव्हा पहिलं पान कोरं असू नये.